चार इंची भिंत

गवंड्याने छिन्नीवर हातोडा घातला आणि पहिली वीट पलीकडे दिवाणखान्यात, थेट साहेबांच्या आरामखुर्चीत जाऊन पडली. बाईंनी आधीच जुनी चादर टाकून ठेवली होती, म्हणून खुर्ची वाचली. साहेब मात्र नेमके तेवढ्यात फिरून आले.

"हे काय चाललंय?"

"खिडकी," बाई भोकातून म्हणाल्या. त्यांचा एक डोळा आणि अर्धं कपाळ तेवढं दिसत होतं. "स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात."

साहेबांनी उभी हयात बांधकाम परवान्यांच्या कचेरीत काढली होती. निवृत्त झाले तरी लोक त्यांना साहेबच म्हणत आणि त्यांनाही ते आवडे. कुणाची गच्ची इकडची तिकडे सरकली तर त्यांच्या नजरेतून सुटत नसे. आणि इथे दिव्याखालीच अंधार!

"परवानगी?" सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"लागत नाही. आतली भिंत आहे, वर भार नाही, बाहेरून घर बदलत नाही, शेजाऱ्याला त्रास नाही. तुम्हीच फोनवर लोकांना सांगायचात. ऐकून ऐकून पाठ झालंय मला."

"चार इंची आहे हो साहेब," गवंडी म्हणाला. "नुसता आडोसा. भोकावर आधाराला पाटा टाकून देतो, काळजी नको."

"अगं, पण मला विचारायचंस तरी!"

"जिथे परवानगी लागत नाही तिथे अर्ज करून कचेरीचा वेळ खाऊ नये, असं कोण म्हणायचं?"

गवंडी घाईघाईने खाली वाकला आणि उगाचच विटा गोळा करू लागला.

रोज संध्याकाळी साहेबांकडे बैठक जमे. शेजारचे हेडमास्तर येत, समोरचे दातांचे डॉक्टर येत. गप्पा रंगात आल्या की भिंतीपलीकडून हशा ऐकू येई, पण शब्द कळत नसत. बाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेल्या की सगळे सावरून बसत, "वा, चहा!" म्हणत आणि गप्प होत. साहेब "बस की" म्हणायचे, नाही असं नाही. पण तोवर आत दूध उतू जायची वेळ झालेली असे. आपल्याच घरातला सगळा हशा आपल्या पाठीमागे होतो, याचं बाईंना फार वाईट वाटे. एकदा तरी हसण्याच्या आधीचं वाक्य कानावर पडावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

दुपारपर्यंत भिंतीत चांगली ऐसपैस चौकट तयार झाली. साहेबांनी ती आतून पाहिली, बाहेरून पाहिली, चौकटीवरून हात फिरवला. खोट काढायला जागा नव्हती.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "पण झडपा बसवायच्या. आणि कडी दिवाणखान्याच्या बाजूने. आमची बैठक असली की बंद."

बाईंचा चेहरा पडला.

"म्हणजे खिडकी माझी आणि कडी तुमची," त्या म्हणाल्या आणि ओट्यावरची धूळ पुसू लागल्या.

साहेबांनी लगोलग सुताराला निरोप धाडला.

संध्याकाळी मंडळी जमली. नव्या खिडकीचं कौतुक झालं, डॉक्टरांनी तिच्यात डोकावून "आ करा" असा विनोदही करून घेतला. मग साहेबांनी आपला हुकमी किस्सा काढला. बाजारात बाई चुकून दुसऱ्याच माणसाच्या स्कूटरवर मागे बसल्या, तो. हेल्मेटचा रंग सारखाच, त्यामुळे घोटाळा.

"आणि बसल्यावर काय, नेहमीप्रमाणे सुरू! तो बिचारा मुकाट ऐकतोय. कोपऱ्यावर हिच्या लक्षात आलं, उडी मारली आणि आली धावत!"

दोघं पोट धरधरून हसले. खिडकीतून बाईंचं डोकं बाहेर आलं.

"उडी कुठली? मी चांगली तळ्यापर्यंत गेले होते."

"तळ्यापर्यंत?" हेडमास्तरांचा कप हातातच राहिला.

"तिथे त्याने गाडी थांबवली, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, 'ताई, हे सगळं मला घरी रोज ऐकायला मिळतं. तुम्हाला कुठे सोडू?' भला माणूस. बाजारात परत आणून सोडलं त्याने."

"आणि साहेब?"

"होते तिथेच. कुणाला तरी कुंपण किती उंच बांधता येतं ते समजावत होते. मी समोर येऊन उभी राहिले तर म्हणाले, 'चल, बस. मघापासून उभी आहेस नुसती.'"

डॉक्टर खुर्चीतून घसरलेच. हेडमास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. दोघांनी आपापल्या खुर्च्या खिडकीकडे वळवल्या. "मग काय झालं?", "तुम्ही सांगितलं नाहीत?", "त्याला काय काय बोललात हो?" अशी सरबत्ती सुरू झाली आणि बाई ओट्यावर कोपरं टेकून, "सांगितलं की, पण यांनी कोपऱ्यापर्यंतच ऐकलं," अशी एकेकाला उत्तरं देऊ लागल्या. त्यांचा चेहरा असा खुललेला साहेबांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत. तळं बाजारापासून बरंच लांब होतं, आणि तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

एवढ्यात सुतार दारात आला. झडपा भिंतीला टेकवून त्याने कानामागची पेन्सिल काढली.

"साहेब, कडी कुठल्या बाजूला?"

बाई बोलता बोलता थांबल्या.

साहेब उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"आतल्या," ते म्हणाले. "स्वयंपाकघराच्या."

सुताराने पेन्सिल टेकवली, मग पुन्हा उचलली. "आणि समजा, इकडून उघडायची झाली तर?"

"तर विचारू," साहेब म्हणाले.