हिरव्या खोलीचं खोटं

"सातव्या विधानावर विचारलं तर म्हण, अजून चाचण्या हव्यात," झग्याची बाही सारखी करत मार्गदर्शक टर्पस्ट्रा सरांनी वित्स्केला सांगितलं. "कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही."

हॉलंडात पीएच.डी.चा बचाव भरसभेत करावा लागतो. प्रबंधासोबत काही विधानं छापायची आणि विचारलं की ती पेलायची. वित्स्केचं सातवं विधान असं होतं: हिरव्या खोलीत माणूस कमी खोटं बोलतो, हेच खोटं आहे.

हिरवी खोली म्हणजे टर्पस्ट्रा. त्या एका प्रयोगावर त्यांनी पुस्तक खपवलं, देशोदेशी भाषणं ठोकली, पोलिस ठाणी रंगवायला लावली. त्या भिंतींआड बसवलेल्या माणसांचा शब्द पोलिस खरा धरत होते. आणि हे म्हणे शास्त्र. वित्स्केने तोच प्रयोग पुन्हा केला. माणसं कितीतरी जास्त घेतली, वेळ सगळ्यांना एकच दिली. हाती भोपळा.

"आणि सर, मी खरं ते बोलले तर?"

"तर शिफारसपत्र दुसऱ्या कुणाकडून घे, पोरी."

सभेत गेंटहून आलेल्या परीक्षक डेकेर बाईंनी नेमका सातव्या विधानालाच हात घातला. "मग तुमच्या सरांना फरक दिसला, तो आला कुठून?"

टर्पस्ट्रा वित्स्केकडे टक लावून बघत होते.

"हिरव्या खोलीतली माणसं सकाळी बोलावली होती, कॉफीच्या वेळी," ती म्हणाली. "पांढऱ्या खोलीतली शुक्रवारी संध्याकाळी. बिअर ढोसून झाल्यावर."

हशा पिकला. शुक्रवारची बिअर चुकवणारं त्या सभेत कोणी नव्हतं.

"म्हणजे मी फसवलं?" टर्पस्ट्रा म्हणाले.

"नाही सर. जे दिसलं ते तुम्हाला आवडलं, म्हणून..."

दार उघडलं. घुंगरांची काठी आपटत चोपदार आत आला आणि लॅटिनमध्ये म्हणाला, वेळ झाली. काठी आपटली की वाक्य अर्धं सोडायची मुभा असते. भल्याभल्यांनी तिच्याआड जीव वाचवलाय. टर्पस्ट्रांनी मान हलवली: सोड.

"मला वाक्य पुरं करायचंय," वित्स्के म्हणाली. अध्यक्षांनी होकार दिला. "आवडलं म्हणून तुम्ही पुन्हा पाहिलं नाही. मी पाहिलं, तर मला गप्प बसायला सांगितलंत."

समिती आत जाऊन आली. पदवी मिळाली. आता कौतुकाचं भाषण गुरूने करायचं असतं. टर्पस्ट्रांनी पदवीपत्राची नळी तिच्या हातात दिली, "अभिनंदन, डॉक्टर हुकेमा," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. लोक भाषणाची वाट बघत राहिले.

शिफारस गेली. वित्स्केने नळी काखेत मारली आणि ती गर्दीत आईला शोधायला निघाली.