न वाचता मंजूर झालेला नियम

मी एक नियम बोलतोय. आम्हाला माणसं पाळतात, मोडतात, पण आमचं ऐकत कुणी नाही. आज तेवढं ऐका.

राजधानीतल्या एका थंडगार खोलीत माझा जन्म झाला. कमी मुलांची शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत घालावी, एवढाच माझा मजकूर. जवळची कोणती, ते नकाशावर सरळ रेघ ओढून ठरवायचं. रेघेला नदीत पाय घालावा लागत नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याला नदी आठवलीच नाही.

पण कायद्यात एक बरी अट होती. सभागृहाने मंजुरी दिल्याशिवाय माझ्यात जीव येणार नव्हता. मला हायसं वाटलं. तिथे मला वाचतील, कुणीतरी नदीचं विचारील, ती ओळ खोडली जाईल.

बोरी गावाजवळच्या एका वस्तीलाही तसंच वाटलं. तिथल्या सरजाबाईची नात निकिता तिसरीत होती. दुसरी शाळा नदीपल्याड, आणि पुलाचा पत्ता नाही. हरकत पाठवायला मुदत होती, म्हणून शाळेच्या मनिषाबाई सह्या गोळा करायला निघाल्या. सरपंच दिनकररावांनी त्यांना थांबवलं. त्यांच्या ग्रामसभेची रीतच अशी की प्रत्येक ठराव मोठ्याने वाचायचा, आणि पार मागे बसलेल्यालाही विचारल्याशिवाय मंजूर म्हणायचं नाही.

“बाई, आमी पारावर बसून इतकं वाचतो,” ते म्हणाले. “तिथं तर शिकलेली माणसं हायत. वाचल्याबिगर हो म्हणतेत व्हय?”

सरजाबाईलाही ते पटलं. सह्या राहिल्या आणि मुदत गेली.

मी सभागृहात पोचलो तो अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, इतर नियमांच्या गठ्ठ्यात. सगळ्यांना घरचे वेध लागले होते. गठ्ठ्याची दोरीसुद्धा कुणी सोडली नाही. काहींनी होय म्हटलं, नाही कुणीच म्हटलं नाही, आणि माझ्यात जीव आला. मला तो नको होता.

आता मी वस्तीतल्या शाळेच्या दारावर चिकटलोय, कुलपाच्या जरा वर. मनिषाबाईंची बदली झाली. नदी भरली तेव्हापासून निकिताची शाळा सुटली ती सुटलीच. ती आईबरोबर कापूस वेचायला जाते. दिनकरराव या वाटेने येत नाहीत.

परवा सरजाबाई नातीला घेऊन आली. काय लिहिलंय ते वाच म्हणाली. निकिताने बोट ठेवत ठेवत मला पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत वाचलं. मला पुरतं वाचणारी ती पहिलीच.

“आजी, यात नदी कुठंच न्हाई,” ती म्हणाली.

हेच वाक्य मला सभागृहात हवं होतं. आता त्याचा काही उपयोग नाही. मला फाडलंत तर दुसरी प्रत येईल. तुमच्या नावाने कुणी होय म्हणत असेल, तर वाचलंत का, एवढं त्याला विचारा. विचारून काही होईल असं मात्र मला वाटत नाही.

दोघी निघून गेल्या. वाचताना पोर जोडाक्षरांवर अडखळत होती. मागच्या वर्षी ती तिला येत होती.