खुणेचा ट्रे

ट्रे पडला की गायला लागायचं, एवढीच आमची खूण. कंपन्यांच्या मेजवान्यांत आम्ही तिघं वेटर बनून वाढत फिरतो. आमच्यातला दाढीवाला मधेच स्टीलचा रिकामा ट्रे मुद्दाम पाडतो, पाहुणे दचकतात आणि त्याच क्षणी आम्ही सूर लावतो.

त्या दुपारी हॉटेलातल्या खऱ्या वाढपी मावशींनी मला एका हातावर तीन प्लेटा तोलायला शिकवलं. माझा शर्ट दुधाने ओला झालेला त्यांनाच आधी दिसला.

"केवढं आहे गं बाळ?"

"पाच महिन्यांचं."

त्यांनी जास्तीचा एप्रन माझ्या गळ्यात घातला. "झाक. आजचा दिवस निभला की मी इथे कायम. महिन्यात चमचासुद्धा पाडला नाही. मॅनेजर टपूनच बसलाय मेला."

सूप वाढून होत होतं. माझ्या मागे धाडकन आवाज झाला. मी वळलेसुद्धा नाही, सूर लावला. इतर दोघांनी तोच सूर उचलला. टाळ्यांचा नुसता पाऊस.

दुसऱ्या ओळीला समोर पाहिलं, तर दाढीवाल्याच्या हातात त्याचा ट्रे तसाच.

वळले. मावशी फुटलेल्या ग्लासांत गुडघ्यांवर बसल्या होत्या. तळहातातून रक्त येत होतं.

"काय ॲक्टिंग करतेय म्हातारी!" एक टायवाला ओरडला. "अहो आजी, गा की! तुमची ओळ राहिली!"

हसू, मोबाईल, फोटो. आमच्यात गाणं मधेच तोडलं की पुढचं बोलावणं येत नाही. मी गात गातच खाली वाकले, त्यांच्या हाताला नॅपकिन गुंडाळला. लोकांना तेही आवडलं. मॅनेजर हसतमुखाने आला, त्यांच्या कानाशी वाकला. मी वीतभर अंतरावर होते.

"उद्यापासून येऊ नका."

गाणं संपताच मी त्याला गाठलं. "सर, तो आमच्या कार्यक्रमातलाच भाग होता."

"बाई, तुमचा ट्रे स्टीलचा, रिकामा. ठरवताना मीच होतो ना?"

मावशी कपडे बदलायच्या खोलीत होत्या. पट्टी बांधलेल्या हाताने त्यांना बटणं लावता येईनात. मी लावायला घेतली, बाळाची लावते तशी, एकेक.

"घरी काय सांगाल?"

"सांगेन, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

हॉलमध्ये 'वन्स मोअर' सुरू झालं. दाढीवाला दारात येऊन खुणावू लागला. दोन बटणं राहिली होती.

"जा," मावशी म्हणाल्या.

मी गेले.