कोरड्या तळ्याचे चार सेंटिमीटर

मी एक जुनी पोलादी मोजपट्टी आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले नसेल. धरण पाहायला आलेली माणसे बांधावर चढतात आणि मी बांधाच्या पायथ्याशी, मागच्या बाजूला असते.

सोलापुरातल्या एका कारखान्यात माझ्या अंगावर सेंटिमीटरच्या रेघा कोरल्या गेल्या. मग कुंभारीच्या पलीकडच्या एका लहान गावात, बांधामागच्या चरात मला बसवले. मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपतेच. ते चरातल्या खाचेतून वाहते आणि किती उंचीने वाहते ते मी सांगते. तळ्याची पातळी तीच असताना माझा आकडा वाढला, तर आत माती हलते आहे की काय, हे तपासावे लागते.

दर सोमवारी गावातल्या सावित्रम्मा नारळाच्या शेंडीने माझे शेवाळ घासत. त्यांना लिहिता येत नव्हते. त्या माझ्या रेघा बोटाने मोजून आकडा पंचायतीचे कारकून बसवराज यांना सांगत. आपल्या आठवणीसाठी बांधाजवळच्या राखणीच्या चौकीत, भिंतीवर पानाच्या चुन्याने खुणाही करत. तळ्याच्या जितक्या पायऱ्या उघड्या तितक्या आडव्या रेघा, माझ्यावर जितके पाणी तितक्या उभ्या.

पुढे नियम आला, की धरण ज्याच्या मालकीचे, त्यानेच तपासणीचा आणि नोंदींचा खर्च करायचा. आमचे धरण पंचायतीचे. सरपंच महेश्वर यांना वेशीवर कमान बांधायची होती. धरण काय पळून जातंय व्हय, असे ते म्हणाले. तपासणीचे शुल्क टाळता येईना, म्हणून त्यांनी सावित्रम्मांचे मानधन बंद केले.

माझ्यावर शेवाळ चढले. बसवराज कचेरीत बसूनच वही भरू लागले. आठवणीत होता तो आकडा चार. दर सोमवारी चार.

तीन वर्षांनी तपासणीला राजश्री नावाच्या अभियंता आल्या. धरण सुरक्षित असल्याचा दाखला त्यांच्याकडून मिळाला नाही, तर तळे अर्धेच भरता येणार होते, आणि अर्ध्या तळ्यावर गावच्या विहिरी माघापर्यंतही टिकत नाहीत. राजश्रीबाईंनी वही शांतपणे चाळली.

"मे महिन्यात तळं कोरडं होतं ना?"

"व्हय मॅडम, ठणठणीत," महेश्वर म्हणाले.

"मग झिरपलं काय?"

अशा वहीवर दाखला देता येणार नाही, असे राजश्रीबाई म्हणाल्या.

तेवढ्यात शेताकडे निघालेल्या सावित्रम्मा थांबल्या आणि त्यांना चौकीत घेऊन गेल्या. भिंत चुन्याच्या खुणांनी भरली होती. मानधन थांबले, तरी वाट तीच म्हणून त्या शेवाळाखालच्या रेघा बोटाने चाचपून मोजत राहिल्या होत्या.

"मला लिवायला येत न्हाय, बाई. बघायला येतंय की."

राजश्रीबाईंनी वेळ घेऊन रेघा मोजल्या, मग चरात उतरून मला पुसले आणि ताडून पाहिले. तीन पायऱ्या उघड्या असताना पूर्वी चार, आता सात. पाणी अजून स्वच्छ होते, म्हणजे आतली माती वाहून येत नव्हती. पावसाआधी बांधाच्या पायथ्याला वाळू-खडीचा थर दिला, तर दाखला मिळेल, असे त्यांनी सांगितले.

ग्रामसभेत कमान मागे पडली. तिच्यासाठी ठेवलेल्या पैशांतून थर झाला आणि सावित्रम्मांचे मानधनही सुरू झाले. हा ठराव महेश्वर यांनीच मांडला, जरा पडेल आवाजात.

मित्रांनो, कमान सगळ्यांना दिसते. मला घासायला कोणीतरी खाली उतरावे लागते, आणि तो खर्च धरण उभे आहे तोवर दरवर्षी असतो. तुमच्या गावात माझी एखादी बहीण असेल, तर तिच्याकडे अधूनमधून उतरून पाहा.

यंदा मे महिन्यात तळे आटले. तरी सोमवारी सावित्रम्मा आल्या. त्यांनी कोरड्या चरात बसून मला घासले आणि वर उभ्या असलेल्या बसवराजांना म्हणाल्या, "लिव बसवराजा, काय न्हाय."

बसवराजांनी वहीत शून्य लिहिले.