यंदा मला न्यायला कोणी आलं नाही

मी एक जुनी गव्हाण आहे, सागवानाची. मित्रांनो, तुमच्यातल्या कितीजणांनी गव्हाण पाहिली असेल, देव जाणे. बैलांना कुटार, म्हणजे भुसा, घालायची ही लाकडी पेटी. आर्णीकडच्या एका खेड्यात, उकंडाच्या कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, माझा मुक्काम. गावच्या सुताराने मला घडवलं ते उकंडाच्या लग्नाच्या साली. तेव्हापासून बैलांनी चाटून चाटून माझ्या कडा गुळगुळीत केल्या. अंगाला त्यांची लाळ, ढेपेचा, म्हणजे पेंडीचा वास, असलं माझं रूप. मिरवण्यासारखं त्यात काही नाही.

पण वर्षातून एकदा माझा थाट असे. नाताळच्या आदल्या दिवशी, दुपार कलली की गावातल्या छोट्या चर्चची मंडळी गात गात उकंडाच्या दारी येत. येशूबाळ गव्हाणीत निजलं होतं, म्हणून त्यांना खरी, वापरातली गव्हाणच लागे. उकंडा काही ख्रिस्ती नाही, पण ते काम त्याच्या घरचंच झालं होतं. त्याची बायको रुखमाबाई मला सकाळपासून घासायची आणि तळाशी चुरून मऊ केलेलं कुटार पसरायची.

"देवाचं असलं तरी लेकरूच हाये," म्हणायची. "टोचन त्याले."

मग उकंडा मला बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, चढवून स्वतः चर्चमध्ये नेई. बैल त्या दिवशी जमिनीवर खात आणि माझ्या नावाने फुरफुरत.

तिथे चर्चच्या मंडळीतली पुष्पा मुलांना शिकवायची, इम्मानुएल म्हणजे आम्हांबरोबर देव. तो वर बसून राहिला नाही, माणसांत राहायला आला, तोही जनावरांच्या कोठ्यात. ते ऐकलं की मला माझ्या रूपाची लाज वाटेनाशी व्हायची.

यंदा दिवाळीच्या आधी रुखमाबाई गेली. तापाचं निमित्त झालं.

तरी नाताळच्या आदल्या दिवशी उकंडाने मला घासायला घेतलं. त्याला कुठलं जमतंय, कोपरे तसेच राहिले. कुटार चुरताना मध्येच थांबायचा, पुन्हा चुरायचा. मला बंडीवर ठेवून, बैल जुंपून, धुतलेलं धोतर नेसून तो ओट्यावर बसला. दुपार कलली. गाण्याचा आवाज आला तसा तो उठून उभा राहिला. आवाज वळणावरून पलीकडच्या गल्लीत गेला. तो उभाच होता. लाकडाला काय कळतं म्हणाल, पण माझा जीव तुटला हो.

दिवेलागणीला त्याने बैल सोडले.

"चला रे बाबा," म्हणाला. "यंदा आपल्याले कोणी इचारलं नाही."

मला मात्र त्याने बंडीवरून उतरवलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपल्यावर पुष्पा आली. कडेवर तिची तान्ही लेक दीपमाला, हातात करंज्यांचं ताट. चर्चमध्ये यंदा पुठ्ठ्याची गव्हाण केली होती. दारातली बंडी आणि धुतलेली मी दिसताच ती जागीच थांबली.

"काकाजी, वर्ष होईस्तोवर तुमच्या घरी सण नसते," ती म्हणाली. "म्हणून आलो नाही. दुखाच्या घरी गाणे कायले म्हणा, असं वाटलं."

उकंडा माझ्या कडेवरून हात फिरवत राहिला.

"सण नाही, म्हणूनच तं या लागत होतं, पोरी."

सकाळीच पुष्पाने मुलांकडून इम्मानुएलचा अर्थ म्हणून घेतला होता. तिने ताट ओट्यावर ठेवलं आणि दीपमालाला अलगद माझ्यात निजवलं. उकंडाने बाळाच्या पाठीखाली हात घालून कुटार चाचपलं.

"टोचते का व तिले? मले रुखमासारखं चुरता येत नाही."

एवढं बोलला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडला. पुष्पा त्याच्याजवळ बसून राहिली. गाणं नाही, काही नाही.

मित्रांनो, आता मी म्हणायला हवं की मला वाळवीपासून जपा, उन्हात टाकू नका. पण माझं राहू द्या. ज्या घरी यंदा सण नाही, त्या घरावरून पुढे जाऊ नका. गाणं हवं तर थांबवा, पण आत या. उकंडा दुपारी ओट्यावरच असतो.