खिडकीबाहेरचा बाक

मी बाक बोलतोय. सागवानी, चार पायांचा, पाठीला दोन आडव्या फळ्या असलेला. नाशिकच्या स्टँडसमोर पुंजारामशेठच्या भोजनालयाच्या दारात मी असतो. माझ्यावर बसून तुम्हीही कधी पाणी प्यायला असाल. या एका हॉटेलची चार हॉटेलं झाली ती मालकाच्या गोड बोलण्यामुळे, असं सगळे म्हणतात. खरी गोष्ट मला माहीत आहे, आणि ती मला स्वस्थ बसू देत नाही.

माझं लाकूड पेठकडच्या रानातलं. शहरातल्या एका सुताराने मला घडवलं, वर हिरवा रंग फासला आणि मी एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीबाहेर येऊन पडलो. खिडकीला बारीक जाळी होती. आतल्याला बाहेरचं सगळं दिसायचं. बाहेरच्याला मात्र आतला फक्त हात दिसायचा.

तो हात पुंजारामचा. बुद्धविहारामागच्या वसाहतीतला तरुण, घराण्यातला पहिला कारकून. माणूस वाईट नव्हता हो. पण एक वाजला की खिडकी लावायचा आणि बायकोने, मालनबाईने, दिलेला डबा उघडायचा. जेवणाची सुट्टी ती सुट्टी. सगळीकडे तसंच चालतं, त्याला कोण नावं ठेवणार?

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात सुरगाण्याकडची भागीबाई नवऱ्याला घेऊन आली. पाच वर्षांची लेक मैना पदराला धरून होती. नवऱ्याला, लहानूला, धड उभं राहता येत नव्हतं.

"साहेब, याला लय तरास होतोय," ती जाळीला तोंड लावून म्हणाली.

"एक वाजला. दोनला या. तिथं बाकावर बसा."

खिडकी लागली. डोंगरातली बाई ती, साहेबाने बस म्हटलं की बसायचं. डॉक्टरांचं दार दहा पावलांवर होतं आणि इतक्या आजारी माणसाला आधी कागद लागत नाही, हे तिला कोणी सांगितलंच नाही. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन ती बसून राहिली. आतून मेथीच्या भाजीचा वास येत होता. लहानूने दोनदा पाणी मागितलं, पण तेवढ्यात खिडकी उघडली तर नंबर जाईल म्हणून ती उठली नाही.

दोनला खिडकी उघडली तेव्हा लहानू माझ्यावरच गेलेला होता. भागीबाई रडली नाही. जाळीशी जाऊन तिने फक्त विचारलं, "आता कागद नको ना, साहेब?"

पुंजारामला कोणी बोल लावला नाही. पण त्या दिवसापासून दुपारी त्याच्या घशाखाली घास उतरेना. डबा उघडायचा, झाकायचा, आणि जाळीतून माझ्याकडे बघत बसायचा. दोन वर्षं त्याने असं काढलं आणि एक दिवस राजीनामा दिला.

"चांगली नोकरी सोडून चूल फुंकणार?" मालनबाई कडाडली.

"फुंकीन. पण भर दुपारी कोणाच्या तोंडावर खिडकी लावणार नाही."

दवाखान्यातलं जुनं सामान विकायला निघालं तेव्हा त्याने मलाही उचलून स्टँडसमोर काढलेल्या भोजनालयात आणलं आणि तपकिरी पॉलिश दिलं. मालनबाई बाजरीच्या भाकरी थापायची, हा वाढायचा. माझ्यावर कोणी टेकलं की हातातलं काम टाकून हा तांब्या घेऊन धावायचा. "कुठून आलात? बरं वाटतंय ना?" कोणी आजारी दिसलं तर स्वतः रिक्षात घालून डॉक्टरकडे पोचवायचा. शेजारचे हॉटेलवाले हसायचे, "पुंजारामने धर्मशाळा काढलीय!" पण गिऱ्हाईक त्यांच्याकडे न जाता इकडेच वळायचं. विंचूरच्या कांदेवाल्यांनी आग्रह करून त्याला तिकडे नेलं, मग सटाणा झालं, मग वणी. प्रत्येक शाखेच्या दारात एक बाक आणि एकच शिस्त: बाकावरच्या माणसाला पाणी आधी, बाकी सगळं मागाहून. लोक त्याला सेवाभाव म्हणायचे. मला विचाराल तर ती भीती होती. रिकामा असलो तरी त्याची नजर माझ्या उजव्या टोकावर खिळायची, लहानूचं डोकं होतं तिथं.

ऐंशीच्या चैत्रात भागीबाई वणीच्या देवीला निघाली होती. ऊन लागलं म्हणून माझ्यावर टेकली. मालक पाणी घेऊन आला, तिला बघून जागीच थिजला. तिने पाणी पिऊन तोंड पुसलं.

"माझा माणूस असाच बाकावर गेला, भाऊ. तवा तुमच्यावानी कोणी असतं, तर वाचला असता."

सांग, पुंजाराम, आत्ता सांग, मी मनात म्हणत होतो. त्याचे ओठ हललेसुद्धा. तेवढ्यात आतून कोणीतरी भाजी मागितली आणि तो सुटका झाल्यासारखा आत गेला.

पुढच्या चैत्रात ती गाठोड्यात नागली, म्हणजे नाचणी, घेऊन आली, खास त्या भल्या माणसासाठी. मग दर वर्षी यायची, आणि ती दिसली की मालक भटारखान्यात लपायचा.

"एकदा सांगून टाका," मालनबाई म्हणायची.

"पुढच्या वर्षी नक्की."

अशी सहा वर्षं गेली. त्या नागलीची भाकरी त्याने कधी तोंडाला लावली नाही.

सत्त्याऐंशीच्या चैत्रात गाठोडं घेऊन मैना आली, एकटीच. "आय गेली पौषात. जाताना बोलली, त्या भाऊंची नागली चुकवू नको."

मालक माझ्यावर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बसला. उजवं टोक सोडून, डावीकडे.

"पोरी, ती खिडकी मी लावली होती."

मैनाने सोडायला घेतलेली गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली.

"आय होती तवा का नाय सांगितलं?"

"धीर झाला नाही."

"तिनं देवीपुढं दर साली तुमचं नाव घेतलं," मैना म्हणाली. मग तिने त्याच्या पायाशी ठेवलेलं गाठोडं उचललं, डोक्यावर घेतलं आणि स्टँडकडे चालू लागली. मालकाने तिला थांबवलं नाही.

आज माझे पाय खिळखिळे झालेत. मालक आता गल्ल्यावर बसत नाही. दुपारी एकला येतो, माझ्या डाव्या टोकाला बसतो आणि दोन वाजले की उठतो. पोरं पाणी आणतात, तो घेत नाही.

मी फार दिवस टिकेन असं वाटत नाही, म्हणून जाता जाता तुम्हाला एकच विनवणी करतो. तुमच्या हातून कोणाचं वाईट झालं असेल, तर त्या माणसाला जाऊन सांगा. लोकांना कितीही पाणी पाजलंत, तरी ते सांगितल्यासारखं होत नाही. आणि ज्याला सांगायचं ते माणूस दर चैत्रात येतच राहील, असं समजू नका.