सूज मोजणारी मशीन

मित्रांनो, रुग्णालयाच्या तळमजल्यावर, रक्त तपासण्याच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसलेली जुनी, जाडजूड मशीन म्हणजे मी. शरीरात कुठे सूज असली की रक्तात सीआरपी नावाचं प्रथिन वाढतं. ते मी मोजते. आग लागली आहे एवढं मी सांगते. कोणत्या घरात, ते मला कळत नाही.

नवी होते तेव्हा माझा केवढा थाट होता! लॅबवाल्या ताई रोज सकाळी आधी माझी परीक्षा घ्यायच्या, मगच रुग्णांचं रक्त द्यायच्या. पुढे शेजारी नवी मशीन आली आणि माझ्या डोक्यावर हातमोज्यांची खोकी चढली. नवी आजारी पडली की मात्र माझी आठवण व्हायची. अडला हरी... पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

अशाच एका दिवशी एका शिंपीकाकांचं रक्त माझ्याकडे आलं. त्यांना यकृताचा कॅन्सर होता आणि दुसऱ्या दिवशी गाठीत औषध सोडायचं होतं. माझा आकडा पाहून ताई दचकल्या. पुन्हा तपासलं, तरी तो तसाच चढलेला. डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. काका-काकू बाहेर बाकावरच बसले होते; सूज वाढल्याचं बाईंनी त्यांना सांगितलं.

"म्हणजे गाठ वाढली? आता उपाय नाही?" काकूंनी विचारलं.

"हा आकडा गाठीनेही वाढतो, पण इतरही कारणं असतात. काका, कुठे दुखतंय का?"

"छे! ठणठणीत आहे मी."

"मग चार दिवस एकाच बाजूने का चावताय?" काकू म्हणाल्या. "लोकांचे कपडे शिवता शिवता स्वतःचं तोंडही शिवलंत की काय?"

काकांनी नाइलाजाने आ केला. दाढेखाली पू झाला होता.

"सांगितलं असतं तर तारीख पुढे गेली असती," ते पुटपुटले.

"आणि अंगात पू असताना तसंच औषध सोडलं असतं, तर जिवावर बेतलं असतं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दाढ काढली, औषधं दिली. नवी मशीन तोवर दुरुस्त झाली होती, तरी तुलना नीट व्हावी म्हणून ताईंनी काकांचं रक्त माझ्याकडेच दिलं. आकडा उतरला होता. मला फार बरं वाटलं.

ताई सांगत होत्या, औषध सोडायला नेताना डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा काकांनी गुडघ्यापासून चावणाऱ्या चपलेपर्यंत सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "आणि भीती वाटतेय." काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला.

मित्रांनो, भीती मोजणारी मशीन अजून कुणी बनवलेली नाही. ती तेवढी तोंडाने सांगत जा.